बैलाची की घोड्याची

दोन्ही गाड्या रविवारी सकाळी साडेदहाला मार्गासनीत आल्या, पण स्वतःच्या चाकांवर नाही. दोन बंद ट्रकांत बसून आल्या. चेलाडीच्या फाट्यापासून आत येणाऱ्या रस्त्यावरचे गतिरोधक त्यांच्या पोटाला घासतील, असं पुण्याच्या माणसानं आधीच फोनवर सांगितलं होतं. ताशी तीनशेनं पळणारी गाडी ट्रकात बसून विसानं येते, यात दारवटकरांच्या घरात कुणालाही वावगं वाटलं नाही. दिवाळीपासून त्या घरात जे चाललं होतं, त्यापुढं हे काहीच नव्हतं.

दिवाळीत माळाचं साठेखत झालं होतं. गुंजवण्याच्या वाटेवरचा एकोणीस एकरांचा तो माळ. अण्णांच्या आज्यानंसुद्धा तिथं कुसळांशिवाय दुसरं पीक पाहिलं नव्हतं. बंगले बांधणाऱ्या एका कंपनीचा साहेब येऊन माळावर उभा राहिला, राजगडाकडं बोट केलं आणि म्हणाला, या व्ह्यूचे पैसे आहेत. तोवर राजगड सगळ्यांना फुकट दिसत होता. बयाणा हातात पडला त्या आठवड्यात अण्णांच्या धाकट्या मुलानं, इंद्रजितनं, मोबाईलवर एक लाल गाडी दाखवली, तिच्या नाकावर घोडा होता. दुसऱ्या दिवशी थोरल्या सोमनाथनं पिवळी दाखवली, तिच्यावर बैल. कंपन्यांची नावं उच्चारायच्या भानगडीत घरात कुणी पडलं नाही. एक घोड्याची, एक बैलाची, एवढ्यावर चार महिने भांडण निघालं.

खरं सांगायचं तर सोमनाथला दोन्हींतली एकही नको होती. अठरा वर्षं त्यानं पिकअप चालवली होती, भोरच्या बाजाराला भाजी नेली होती, आणि त्या अठरा वर्षांनी त्याच्या कमरेचा एक मणका जागचा हलवला होता. त्याला फक्त इंद्रजितच्या गाडीला नाही म्हणायचं होतं. पण नुसतं नाही म्हणणाऱ्याला घरात कुणी विचारत नाही, हे त्याला सत्तेचाळीस वर्षांत कळून चुकलं होतं. म्हणून त्यानं दुसरी गाडी शोधली. बैल बघितल्यावर अण्णा विरघळतील, हा त्याचा हिशेब. अण्णांनी जवानीत बैलगाडा पळवलेला होता.

अण्णा, म्हणजे आनंदराव, विरघळले नाहीत. त्यांनी त्याहून घोळाचं काम केलं. "दोन्ही पोरं मला सारखीच," ते म्हणाले. "रविवारी गाड्या दारात येऊ द्या. घरातल्या सगळ्यांनी बघा आणि बोला. ज्याची गाडी ठरंल, त्यानं माझ्यामागं घरचा कारभार बघावा."

म्हणजे कारभारी निवडायचा आणि खूण काय, तर बैल की घोडा.

गाड्या उतरवायला पुण्याचा जो माणूस आला होता, तो गोरख, चाळिशी ओलांडलेला, टाय लावलेला. तो मूळचा भोरचा निघाला, पण ते त्यानं बराच वेळ दाबून ठेवलं. "सर, ही टू सीटर आहे," तो म्हणाला. "दोन्ही टू सीटरच."

ओट्यावर बसलेल्या सगुणाबाईंनी कान पुढं केला. "काय म्हणला त्यो?"

"आई, दोनच जणांची जागा हाय," इंद्रजितनं सांगितलं.

सगुणाबाईंनी पोरांवर नजर फिरवली, मग सुनांवर, मग नातवंडांवर. "आणि बाकीच्यांनी काय मागनं पळायचं?"

गावातली पाचपन्नास माणसं कंपाउंडच्या भिंतीपाशी जमली होती, ती हसली. सोमनाथही हसला, पण त्याचं लक्ष फाटकाकडं होतं. आंबवड्याहून वनिता यायची होती.

वनिता त्याच्या पाठची, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. आंबवड्यात दिलेली, तिथल्या अंगणवाडीत सेविका. सोमनाथ मंगळवारी तिच्या घरी जाऊन आला होता. तिच्या हातचं थालीपीठ खाल्लं होतं आणि खाता खाताच म्हणाला होता, "वने, सातबाऱ्यावर तुझ्या नावाचा घोळ झालाय. माहेरचं का सासरचं, असं कायतरी. दुरुस्तीचा कागद हाय. सोमवारी वेल्ह्याला येऊन सही कर." ती बरं म्हणाली होती, आणि ताटात लोण्याचा आणखी एक गोळा टाकला होता.

कागद दुरुस्तीचा नव्हता. तो हक्कसोडीचा होता, बहिणीनं आपला वाटा भावांना सोडून दिल्याचा. तिचा वाटा बाजूला काढला, तर ना बैल बसत होता ना घोडा. अण्णा आणि इंद्रजितनं मिळून तसं ठरवलं, आणि ते काम सोमनाथवर टाकलं, कारण तिचा त्याच्यावर विश्वास होता. "तुझं ती ऐकती," अण्णा म्हणाले होते. घरात आपलं कुणीतरी ऐकतं, हे त्याला इतकं बरं वाटलं की पुढचा विचार त्यानं केलाच नाही.

एसटीतून उतरून वनिता चालत आली. तिनं पिशवीतून चिकूंची पुडी काढून आईच्या मांडीवर ठेवली, गाड्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "झाकायला ताडपत्री कुठल्या मापाची लागंल?"

"ताई, झाकायला कोण घेतंय," इंद्रजित म्हणाला. "पळवायला घेतोय."

"कुठं?"

इंद्रजित गोरखकडं वळून गाडीचे घोडे किती ते विचारू लागला. आकडा ऐकून अण्णा म्हणाले, "एवढे घोडे असून ट्रकातनं आली व्हय?"

सोमनाथला वाटलं, हीच वेळ आहे. आपल्या गाडीत बसून दाखवावं, म्हणजे लोक म्हणतील शोभतो. नव्या शर्टाखालून दिसतो म्हणून त्यानं त्या दिवशी कमरेचा पट्टा घातला नव्हता. गोरखनं पिवळ्या गाडीचं दार धरलं, ते बाजूला न उघडता आकाशाकडं उघडलं. भिंतीपलीकडून कौतुकाचा आवाज आला. सोमनाथनं डावा पाय आत टाकला, डोकं घातलं, आणि मग उरलेला सोमनाथ आपसूक खाली गेला. गाडीची बैठक जमिनीपासून वीतभर उंच. पिकअपमध्ये माणूस चढतो. इथं विहिरीत उतरल्यासारखं होतं.

बसता बसता कमरेत कळ आली आणि तिथंच थांबली.

त्यानं हळूच पाय हलवून बघितला. डावा हलला. उजव्यानं नकार दिला. स्टिअरिंगला धरून वर उठायला गेला, तर पाठीतून डोक्यापर्यंत वीज गेली. बाहेर फोटो निघत होते. सोमनाथनं तोंडावर हसू ठेवलं.

"कसं वाटतंय, सर?" गोरखनं वाकून विचारलं.

"जरा बसतो," सोमनाथ म्हणाला. "निवांत. दार लावा."

"एसी चालू करू?"

"नको. काच दोन बोटं उघडी ठेवा फक्त."

दार खाली आलं. काचा काळसर होत्या, बाहेरून आतलं दिसत नव्हतं. गर्दी पाच मिनिटं थांबली, मग लाल गाडीकडं सरकली, कारण इंद्रजितनं तिचं इंजिन चालू करून दाखवायला घेतलं होतं. त्या आवाजानं गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं आणि काही माणसं तिच्या मागं गेली. सोमनाथ एकटा पडला. थोडा वेळ गेला की कंबर सैल होईल, असं त्यानं ठरवलं. हाताला लागतील ती बटणं बघत बसला. प्रत्येकावर चित्र होतं आणि एकाही चित्राचा अर्थ लागत नव्हता.

पिवळ्या गाडीच्या त्या बाजूला आंब्याची सावली होती. लाल गाडीचं इंजिन बंद झालं, तशी त्या सावलीत माणसं येऊ लागली.

आधी इंद्रजित आला, आणि त्याच्याबरोबर अंजना. सोमनाथची बायको.

"वैनी, दादा आत हाय," इंद्रजित म्हणाला.

"असू द्या. झोपलेत की काय कुणास ठाऊक. आणि काच जाड असती म्हणं."

"मग ऐका. अण्णांनी इचारलं की तुमी घोड्याच्या बाजूनं बोला. प्रेरणाच्या कॉलेजचं, पुण्यातल्या खोलीचं, सगळं म्या बघतो. कारभार माझ्याकडं आला की पयलं काम तेच."

प्रेरणा म्हणजे सोमनाथची मुलगी. बारावीला होती. तिच्या कॉलेजचं तिच्या बापाशी कुणी बोललं नव्हतं.

"लिहून द्याल?" अंजनानं विचारलं.

"वैनी, घरात काय लिहून द्यायचं?"

"घरातच लिहून घ्यावं लागतं भावजी. बाहेरचे निदान लाजत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "बोलंन म्या घोड्याचं. ह्यांना इचारलं बैलाची का पायजे, तर म्हणले दिसाया दणकट हाय. वाकून पायात चप्पल घालता येत न्हाई ह्यांना. रोज म्या घालते. आणि गाडी बघा कसली काढलीया."

सोमनाथनं आपल्या पायांकडं बघितलं. तिनं सकाळीच घातलेल्या चपला पायात होत्या.

इंद्रजित खूश होऊन गेला. अंजना पदरानं वारा घेत तिथंच उभी राहिली, आणि जणू वाटच बघत असल्यासारखी इंद्रजितची बायको स्नेहल येऊन तिला चिकटली.

"ताई, ह्यांनी तुमाला घोड्याचं बोलाया सांगितलं ना?"

"सांगितलं."

"बोलू नका. पाया पडते. म्या बैलाचं बोलणार हाय."

"का गं?"

"ती लाल गाडी ह्यांच्या हातात आली की हे घरात दिसायचे न्हाईत. सकाळी लोणावळा, दुपारी महाबळेश्वर. आणि एकटे जाणार न्हाईत. दोन शिटा हायेत." स्नेहलचा आवाज खाली आला. "थोरल्या भाऊजींना ती पिवळी चालवता येणार न्हाई. म्हंजे ती अंगणात राहील. अंगणातल्या गाडीचा कुणाला त्रास न्हाई."

अंजनाला हसू आलं. सोमनाथला चार महिन्यांत मिळालेला हा पहिला पाठिंबा होता. आपण त्या गाडीत बसून उठू शकत नाही, याच गुणावर मिळालेला. दोघी जावा हसत हसत चहाला गेल्या. घरात मतं कशी पडणार ते आता सोमनाथला स्पष्ट दिसत होतं. त्याची बायको भावाच्या बाजूनं, भावाची बायको त्याच्या बाजूनं, आणि गाडीच्या बाजूनं कुणीच नाही.

ऊन काचेतून आत उतरलं. शर्ट पाठीला चिकटला. आता हाक मारावी, असं त्याला वाटलं. पण हाक मारायची तर काय म्हणून, हे जुळवेपर्यंत सगुणाबाई काठी टेकत सावलीत आल्या. वनिता त्यांचा दंड धरून होती. सोमनाथ गाडीत बसला, तेव्हा दोघी आत घरात होत्या. तिनं ट्रकवाल्यांची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि आईला बसवलं, बरोबर काचेच्या फटीपाशी.

"आता सांग," सगुणाबाई म्हणाल्या. "सकाळधरनं तोंड बांधल्यावानी हायेस."

"काय न्हाई आई."

"वने, तुला म्या जल्म दिलाय."

"दादानं सहीला बोलवलंय उद्या. तो कागद कसला हाय, तुला ठाव हाय?"

सगुणाबाईंनी काठीनं खालची वाळकी पानं बाजूला सारली. आईला ठाऊक होतं. एका रात्री जेवताना तिच्यासमोरच ठरलं होतं.

"हक्कसोड हाय," वनिता म्हणाली. "दादा जेवत होता, पिशवी कॉटवर होती. पिशवीतनं कागदाचं टोक बाहेर आलेलं, वर ठळक लिव्हलेलं. म्या दिवसभर सरकारी कागदच भरते आई. मला वाचता येतं हे तो इसरला."

"मग तिथंच का न्हाई बोललीस?"

"काय बोलू? दादा खोटं बोलतोय हे म्या आजवर कधी बघितलं न्हवतं. इंदर बोलतो, अण्णा बोलत्यात, त्याचं काय वाटत न्हाई. दादा बोलत होता आणि ताटाकडं बघत होता. मला त्याचीच लाज वाटली. म्हणलं, अजून पाच दिवस हायेत. त्याचा त्यो सांगंल."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"सही करीन."

"येडी का खुळी तू?"

"करीन सही. माळावर काय माझं मन न्हाई. पण मग आई, ह्या दारात म्या परत येणार न्हाई. तुला भेटायचं झालं तर तू आंबवड्याला ये. एसटी दारात थांबती."

सगुणाबाई नाक ओढत राहिल्या. वनितानं चिकू सोलून त्यांच्या हातात दिला. दोघी खाऊ लागल्या, आणि त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, त्या महागड्या बैलाच्या पोटात सोमनाथ डोळे मिटून बसला होता. मंगळवारचं थालीपीठ त्याला आठवलं. लोण्याचा तो दुसरा गोळा तिनं कागद वाचून झाल्यावर टाकला होता.

आता कंबर सैल होण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्यानं दाराची कडी शोधली. आधी समोरच्या काचेवर पाणी उडालं, मग वायपर फिरला, मग दिवे लागले, आणि शेवटी हॉर्न वाजला. हॉर्नवर त्यानं हात तसाच ठेवला.

सगळे धावत आले. गोरखनं दार वर उचललं.

"काय झालं सर?"

"उठता येत न्हाई," सोमनाथ म्हणाला.

गर्दीतला जो तो सांगू लागला. कुणी म्हणे डावा पाय आधी काढा, कुणी म्हणे उजवा, कुणी म्हणे सीटच काढा. इंद्रजितनं काखेत हात घालून ओढलं तसा सोमनाथ ओरडला. गोरखचा टाय बाजूला गेला आणि पुण्याची भाषाही. "आरं वडू नगा त्येला, कंबार गेलीया मानसाची," तो म्हणाला, आणि तो कुठला आहे ते सगळ्या मार्गासनीला कळलं.

वनिता पुढं आली. गुडघे टेकून खाली बसली. "दादा, माझ्याकडं बघ. उठू नको. लहान पोरं खाटंवरनं उतरत्यात तसा ये. पोटावर वळ. हां. आता हात जमिनीवर टेक."

सोमनाथ गाडीतून असा बाहेर आला. आधी हात, मग डोकं, मग पोट, आणि शेवटी पाय. सिमेंटच्या अंगणात तो चार पायांवर उभा राहिला आणि तिथंच अडकला. सरळ होता येईना. भिंतीवर मोबाईल वर धरलेले होते. इंद्रजितच्या लाल गाडीचं जे चित्रण दुपारपर्यंत तालुकाभर फिरणार होतं, त्याच्या जागी आता हे फिरणार होतं.

"वने," सोमनाथ म्हणाला. त्याला समोर फक्त पायताणं दिसत होती. "तो कागद दुरुस्तीचा न्हाई."

"सोम्या, उठ आधी," अण्णांचा आवाज आला.

"उठता येत न्हाई अण्णा. हितनंच बोलतो. तो हक्कसोडीचा कागद हाय वने. तुझा वाटा आमाला सोडल्याचा. म्या खोटं बोललो."

"दादा, गाव उभं हाय," इंद्रजित दबक्या आवाजात म्हणाला.

"बघतोय की. चपला वळखीच्या हायेत सगळ्या."

कुणी हसलं नाही. वनिता अजून गुडघ्यांवर होती, त्याच्या तोंडासमोर. तिनं मान वळवून गाडीकडं बघितलं. काच दोन बोटं उघडी होती, आणि तिच्या खाली आईची खुर्ची. तिनं ते दोन्ही नीट बघून घेतलं.

"काच उघडी व्हती, दादा," ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढंच.

"व्हय."

"मंजी तू ऐकलंस."

"ऐकलं."

सोमनाथला वाटलं, ती आता उठून जाईल. ऐकलं नसतं तर आपण बोललो असतो का, हे त्यानं स्वतःला विचारून बघितलं आणि उत्तर आवडलं नाही म्हणून सोडून दिलं.

"बरं," वनिता म्हणाली, आणि उठून उभी राहिली. मग सगळ्यांना ऐकू येईल असं बोलली. "अण्णा, हक्कसोडीवर म्या सही करणार न्हाई. विक्रीच्या कागदावर करीन. तीन भावंडं, तीन वाटे. तसा कागद करा."

अण्णांनी फेटा काढून हातात घेतला. हे ते रागावले की करायचे. मग गोरखला विचारलं, "तीन वाटे झाले तर ह्यातली कुठली बसंल?"

गोरखला आता लपवायला काही उरलं नव्हतं. "अण्णा, खरं सांगू? चाकं बसतील. चार."

"आणि कारभाराचं?" हे इंद्रजितनं विचारलं. त्याला राहवलं नाही.

"कारभार माझ्याकडंच ऱ्हाईल," अण्णा म्हणाले. "तुमच्यातला एक गाडीत मावत न्हाई आणि एक घरात."

अंजनानं सोमनाथच्या पाठीखाली हात घातला, स्नेहलनं पाय धरले, इंद्रजित आणि गोरख दोन बाजूंना लागले, आणि चौघांनी मिळून त्याला ओट्यावर नेऊन पालथा घातला. तिथून त्यानं दोन्ही गाड्या ट्रकांत चढताना बघितल्या. बैल आधी गेला, मग घोडा. इंद्रजित लाल गाडीला फाटकापर्यंत पोचवायला गेला. मुलीला सासरी पाठवताना अण्णांच्या डोळ्यांत आलं नव्हतं तेवढं पाणी त्याच्या डोळ्यांत होतं. वनिता चहा न घेता दुपारच्या गाडीनं निघून गेली. जाताना सोमनाथच्या ओट्यासमोरून गेली, पण थांबली नाही.

कागद नव्यानं करायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत सोमनाथला वेल्ह्यापासून भोरपर्यंतच्या ओळखीच्यांचे फोन आले. प्रत्येकानं कंबर कशी आहे विचारलं आणि फोन ठेवायच्या आत बैल कसा आहे विचारलं. एका रात्री अंजना पाठीला तेल लावत होती, तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड करून विचारलं, "प्रेरणाला कुठल्या कॉलेजात जायचंय?" अंजनाचा हात थांबला. मग तिनं सांगितलं, आणि खोलीचं भाडंही सांगितलं. लिहून घेतलं नाही.

गुरुवारी ते वेल्ह्याला गेले. पिकअप इंद्रजितनं चालवली. अण्णा त्याच्या शेजारी बसले. मागच्या हौद्यात गोधडीवर सोमनाथ पट्टा बांधून आडवा होता. निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात वनिता आधीच येऊन बाकावर बसली होती. तिनं त्याला बघून थोडी जागा केली. त्याला बसता येत नव्हतं, म्हणून तो खांबाला टेकून उभा राहिला.

नंबर लागायला वेळ होता. इंद्रजित झाडाखाली मोबाईलवर गोरखशी बोलत होता. घोड्याची नको, पण तशीच लाल, बसकी, जुनी एखादी, त्याच्या वाट्यात बसेल अशी निघते का, ते विचारत होता. वकिलानं बारा पानांचा कागद वनिताच्या हातात दिला. तिनं पहिलं पान वर केलं, तेव्हा सोमनाथ म्हणाला, "दे हिकडं. म्या वाचतो."

"तू?"

"म्या वाचून दावतो. तू ऐक."

सोमनाथची शाळा आठवीत सुटली होती, आणि नंतर त्यानं बाजारभावाच्या फळ्याशिवाय फारसं काही वाचलं नव्हतं. तो एकेका शब्दावर पाय ठेवत चालला. गट नंबर, चतुःसीमा, लिहून देणार, लिहून घेणार. व्हरांड्यातली माणसं बघू लागली. तो थांबला नाही. तिसऱ्या पानावर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण इथपर्यंत नीट आला आणि पुढं अडला.

"निधी नि... निक..."

"निक्षेप," वनिता कागदाकडं न बघता म्हणाली.

"म्हंजे काय गं?"

"पुरून ठेवलेलं धन."

"आपल्या माळात?"

"कागदात लिव्हायची रीत हाय, दादा. वाच पुढं."

त्यानं बाराही पानं वाचली. कुठं ओळ सुटली तर ती थांबवायची, आणि तो मागं येऊन पुन्हा वाचायचा. तिचं नाव जिथं जिथं आलं, तिथं तो जरा मोठ्यानं वाचत होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. अकराव्या पानावर त्याचा पाय कापू लागला, तेव्हा तिनं उठून त्याच्या काखेत खांदा दिला. मग तो तसाच टेकून उरलेलं वाचू लागला.

आत बोलावलं गेलं. अण्णांचं झालं, सोमनाथचं झालं, इंद्रजितचं झालं. निबंधकांनी चष्म्यावरून वनिताकडं बघितलं. "बाई, कागद वाचलात का? मजकूर मान्य आहे?"

"मान्य हाय," वनिता म्हणाली. "भावानं वाचून दाखवला."

"तुम्हाला स्वतःला वाचता येत नाही का?"

"येतं की," ती म्हणाली, आणि अंगठा यंत्रावर ठेवला.